स्टूल नको, जिना हवा

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि ते तिथंच राहिलंय. घरात, गल्लीत, कारखान्यात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. नाव आईनंच पाडलं. पोरगी जेवायला बसली की एक घास खायची आणि उठायची, खिडकीतून काहीतरी बघून यायची, दुसरा घास घ्यायची आणि पुन्हा गायब. आई करवादायची, "अगं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" लागलीच होती. ती आजतागायत सुटलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ही सगळी हकिगत त्या भिंगरीचीच आहे.

शाळेत तिला दोन तऱ्हेचे शिक्षक भेटले. एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, की ही काही बसणारी नाही. मग खडू आणायचा असो, शेजारच्या वर्गात निरोप द्यायचा असो, नाहीतर वरच्या मजल्यावरून नकाशा आणायचा असो, भिंगरीलाच पिटाळायचं. भिंगरी जिने चढून उतरून धापा टाकत परत यायची आणि मुकाट्यानं गणितं सोडवायची, तीही बरोबर. पुढच्या वर्षी आले एक शिस्तीचे मास्तर. त्यांनी तिला पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसवलं. त्या वर्षी भिंगरी गणितात नापास झाली, बाकाच्या लाकडावर नखांनी कोरून कोरून एक खड्डा मात्र तिनं छान पाडला. मास्तरांनी शेरा मारला, "हुशार आहे, पण लक्ष नाही." हा शेरा पुढे तीस-पस्तीस वर्षं तिच्या मागे लागला. आधीच्या वर्षी लक्ष कसं काय होतं, हे काही कुणी विचारलं नाही.

शाळा संपल्यावर ती पडद्यांच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे फार मोठं काही नव्हे, तीन मजल्यांची एक उभट इमारत. तळघरात कापडाचे तागे, मधल्या मजल्यावर शिवणाच्या मशीनची घरघर, आणि सगळ्यात वर, जिथं मोठाल्या खिडक्यांतून भरपूर उजेड येतो तिथं, कटिंगचं लांबच लांब टेबल. मालकीणबाई स्वतः कटिंग करायच्या. बाई बोलायला भारी फटकळ, पण कात्री हातात घेतली की बघत राहावं. भिंगरीचं काम हमालीचं. ताग्याची चिठ्ठी आली की तळघरात धावायचं, तागा खांद्यावर टाकायचा आणि जिना चढून वर पोचवायचा. दिवसभर हेच. बाकीच्या पोरी या कामाला कंटाळून महिन्याभरात पळायच्या. भिंगरीला मात्र हे काम म्हणजे स्वर्ग वाटायचा.

वर आली की ती टेबलापाशी रेंगाळायची. बाई कापड कसं पसरतात, घडी कशी जुळवतात, खडूची रेघ कुठून ओढतात, सगळं डोळ्यांनी पिऊन घ्यायची. एक दिवस बाई वैतागून म्हणाल्या, "नुसती बघतेस काय टकामका? ये, हे अस्तर काप." भिंगरीनं खांद्यावरचा तागा टेकवला, फ्रॉकला हात पुसले आणि अस्तर असं सरळ कापलं, की बाईंनी दोनदा टेप लावून पाहिला. पुढे मग तागे वाहता वाहता अस्तरं कापणं, मग साधे पडदे, मग चौकटीचं कापड, असं करत करत काही वर्षांत तिचा हात बाईंच्या तोडीचा झाला. एव्हाना तिचं लग्न झालं होतं. नवरा बेकरीत भट्टीवर होता, स्वभावानं अगदी थंड. भट्टीपाशी राहून माणूस इतका थंड कसा राहतो, हे सासरच्यांना आजही कोडं आहे.

आणि मग बाईंचा खांदा दुखायला लागला, नि त्यांनी भिंगरीला कटिंग मास्तर केलं.

त्या कारखान्यात मास्तर होणं म्हणजे गंमत नव्हती. टेबलाच्या वर भिंतीत एक खिळा होता. मास्तरची कात्री त्याच खिळ्याला टांगायची, आणि मास्तरशिवाय तिला कुणी बोट लावायचं नाही, अगदी मालकीणबाईंनीसुद्धा. दुसरा नियम असा, की मास्तर उचलाउचल करत नाही. एव्हाना मालाची लिफ्ट बसली होती. तळघरात मामा नावाचे हमाल होते. तागे लिफ्टमध्ये घालून थेट टेबलापर्यंत आणायचे काम त्यांचं. आणि भिंगरीसाठी बाईंनी हौसेनं एक उंच स्टूल आणलं, वर लाल गादीचं. "आता धावपळ बास," बाई म्हणाल्या. "आता तू मास्तर. ऐटीत बसून काम कर." भिंगरी त्या दिवशी इतकी खूश होती, की घरी जाऊन तिनं नवऱ्याला त्या गादीचं वर्णन तीन वेळा ऐकवलं.

आणि तिथून चुकांना सुरुवात झाली. इतकी वर्षं जिच्या हातून वीतभर कापड वाया गेलं नव्हतं, ती आता या खिडकीचं माप त्या खिडकीला लावायला लागली. रेघ ओढता ओढता मन कुठंतरी भरकटायचं, भानावर यायची तेव्हा कात्री पुढे गेलेली असायची. पडदे आखूड व्हायचे. स्टुलावर बसून पाय हलवत राहायची, उठून खिडकीशी जायची. बाई ओरडायच्या, "भिंगरी, बस एका जागी! मन लाव जरा!" ती बसायची. जितकी जास्त बसायची तितकं जास्त चुकायचं. न्याहारी म्हणजे उभ्या उभ्या घोटभर चहा, दुपारचं जेवण चुका निस्तरण्यात राहून जायचं. रोज संध्याकाळी घरी परतताना तिचं अंग असं गळून जायचं, की जणू दिवसभर दगड फोडले.

मग आली ती मखमल. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागते, खालून वर फिरवला तर हाताला अडते. एका पडद्याचे सगळे पट्टे एकाच दिशेनं कापले नाहीत, तर उजेड पडल्यावर एक पट्टा उजळ आणि एक काळपट दिसतो. कापताना कापड पालथं असतं, तेव्हा डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून आधी हात फिरवून लव बघायची आणि मागच्या बाजूला खडूनं बाण काढायचा. हे भिंगरीला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण एका सभागृहाचा पडदा कापताना तिनं एक पट्टा उलटा कापला. शिवतानाही कुणाच्या लक्षात आलं नाही. पडदा टांगला, दिवे लागले, आणि मधोमध एक पट्टा असा काळाठिक्कर दिसायला लागला, की जणू कुणी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलंय. तिथली माणसं आधी हसली आणि मग संतापली.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या परत आल्या, खिळ्यावरची कात्री काढली, आपल्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी मधल्या मजल्यावर कोपऱ्यात बसून पडद्यांना कड्या शिवायला लागली. रिकामा खिळा तिला तिथून दिसत नव्हता, पण दिवसभर डोळ्यांसमोर तोच असायचा.

घरी ती ढसाढसा रडली. "अहो, मी आळशी आहे का हो?"

नवरा विचार करून म्हणाला, "आळशी माणूस इतका दमत नाही."

त्याची थोरली बहीण, म्हणजे भिंगरीची नणंद, रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. कुठल्या खोलीत कुठला डॉक्टर आणि कुठल्या वारी, सगळं तिला तोंडपाठ. बाई करड्या आवाजाची, पण भावजयीवर जीव. ती म्हणाली, "हे नुसतं विसरभोळेपणाचं काम नाही. चल माझ्याबरोबर." आणि भिंगरीला दंडाला धरून एका डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. लहानपणीचे, शाळेतले, घरातले. किल्ल्या किती वेळा हरवतात, दूध किती वेळा उतू जातं, समोरचा बोलत असताना मन कुठं जातं. नवऱ्यालाही बोलावून विचारलं. पुन्हा एकदा बोलावलं, तपासण्या केल्या, आणि मग म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. हे तुम्हाला लहानपणापासून आहे. लक्ष नाही असं नाही, लक्षाला लगाम घालणं तुमच्या मेंदूला जड जातं. यात तुमचा किंवा तुमच्या आईचा काहीही दोष नाही."

भिंगरी पुन्हा रडली, पण या रडण्याला वेगळी चव होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, की बाई, तू वाईट नाहीस.

गोळी सुरू झाली. सकाळी फरक जाणवायचा. डोक्यात एकदम चार रेडिओ लागलेले असायचे, त्यांतले तीन बंद झाल्यासारखं वाटायचं. पण गोळीनं भूकही पळाली. सकाळी चहाबरोबर गोळी, मग दिवसभर पोटात काही नाही, आणि दुपार टळली की हात थरथरायचे, डोकं भणभणायचं, कड्या वाकड्या शिवल्या जायच्या. कुणी हाक मारली तरी ती वसकन अंगावर जायची.

हे नणंदेच्या कानावर गेलं आणि नणंदेनं चंग बांधला. कुणाकुणाला विचारून, कुठं कुठं वाचून तिनं ठरवलं, की सगळं खाण्यामुळेच होतंय. "साखर बंद! मैदा बंद! रंग घातलेलं काहीही बंद!" तिनं घरात फर्मान काढलं.

नवरा हळूच म्हणाला, "ताई, मैदा बंद केला तर मी विकू काय?"

"तू विक. हिनं खायचं नाही!"

मग सुरू झाला हिरव्यागार रसांचा आणि भिजवलेल्या बियांचा सुकाळ. भिंगरी बिचारी तोंड वाकडं करून गिळायची. मुळात भूक मेलेली, त्यात समोर असलं खाणं. आठवड्याभरात तिचे गाल बसले, आणि चुका जिथल्या तिथं. शेवटी एका दुपारी नणंद बेकरीवर पाव आणायला गेली, तर पिठाच्या पोत्यांआड भिंगरी गोड पावाचा डोंगर पुढे घेऊन बसलेली. तोंड भरलेलं असल्यामुळे तिला धड खोटंही बोलता येईना.

व्यायामाचीही तीच गत. नणंदेनं तिला गाण्याच्या तालावर उड्या मारायच्या वर्गात घातलं. पहिल्या दिवशी भिंगरी हरखून गेली, दुसऱ्या दिवशी बरी होती, तिसऱ्या दिवशी कंटाळली आणि चौथ्या दिवशी तिचे बूटच सापडेनात. ते पुढे कणकेच्या डब्यामागे निघाले. तिथं ते कसे गेले हे देवालाच ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी ही सगळी कहाणी ऐकली आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, साखर सोडून हे बरं होत नसतं," त्या नणंदेला म्हणाल्या. "एखाद्याला एखादा पदार्थ बाधतही असेल, पण म्हणून माणसाला उपाशी मारायचं का? रिकाम्या पोटी कुणाचंही डोकं चालत नाही, हिचं तर मुळीच चालणार नाही." मग भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "गोळी घ्यायच्या आधी पोटभर खायचं. अंडी, दूध, शेंगदाणे, जे आवडेल ते. पाव हवा तर पाव खा. दुपारी भूक नसली तरी घड्याळाचा गजर लावून जेवायचं. आणि अंग हलवा. चांगला घाम निघाला की पुढे थोडा वेळ लक्ष बरं लागतं, असं पुष्कळांना जाणवतं. सगळ्यांना सारखं नाही, आणि ही काही गोळीची जागा नव्हे. पण तुम्हाला असं कधी जाणवलंय का?"

भिंगरी म्हणाली, "नाही बाई. मी दिवसभर बसूनच तर असते." आणि घरी आली.

न्याहारीचं सोपं झालं. नवरा पहाटेची भट्टी उरकून तिच्या निघायच्या वेळेला घरी यायचा. त्यानं रोज अंडी उकडायला घातली, गरम पाव समोर ठेवला, आणि ती खाईपर्यंत गोळी स्वतःच्या खिशात ठेवली. "आधी ताट, मग गोळी," एवढंच बोलायचा. नणंदेनं तिच्या डब्यात शेंगदाणे, केळी भरायला सुरुवात केली आणि रसांचं प्रकरण मुकाट्यानं बंद केलं. दुपारचं थरथरणं थांबलं, वसकन अंगावर जाणंही कमी झालं. पण कड्या शिवताना मन भरकटायचं ते भरकटायचंच.

आणि मग एक दिवस लिफ्ट अडकली. वर पडद्यांचं काम खोळंबलेलं, तळघरात ताग्यांची रास, मामांचा गुडघा सुजलेला. मालकीणबाई जिन्यावरून ओरडत होत्या. भिंगरीनं कड्यांची टोपली बाजूला सारली. "मी आणते!" म्हणाली आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तळघरात पोचली. किती वर्षांनी खांद्यावर तागा घेतला! पहिल्या खेपेला छाती भरून आली, दुसऱ्या खेपेला पोटऱ्या दुखल्या, आणि मग शरीराला जुनी सवय आठवली. दुपारपर्यंत ती चढत होती, उतरत होती. घामानं निथळत होती, आणि कुणाच्या नकळत गुणगुणतही होती.

जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, "माझा खांदा भरून आलाय. एवढी अस्तरं तेवढी काप. अस्तरंच आहेत, बिघडून बिघडणार काय?" आणि कुठलीशी जुनी कात्री पुढे केली. भिंगरीनं कापायला घेतलं. स्टुलावर दुसऱ्याच कुणाचा तरी पसारा होता, म्हणून उभ्यानंच. एक संपलं, दुसरं संपलं. मान वर केली तेव्हा ढीग संपला होता. बाईंनी टेप लावला. एकही इकडचं तिकडं नव्हतं.

"अगं बाई!" भिंगरी मोठ्यानं ओरडली. मधल्या मजल्यावरच्या मशीनसुद्धा क्षणभर थांबल्या.

सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं होतं. शाळेतला खडू, नकाशा, ते जिने. तागे वाहून आल्यावर कापलेलं ते पहिलं अस्तर. तिचा हात बिघडला नव्हता, डोकंही बिघडलं नव्हतं. मास्तर झाल्यावर तिचा जिना गेला होता आणि त्याच्या जागी लाल गादीचं स्टूल आलं होतं! ज्यानं तिचं लक्ष ताळ्यावर राहायचं तेच सगळ्यांनी मिळून, मोठ्या मायेनं, काढून घेतलं होतं. आणि तीही मेली ऐटीत बसली होती. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती लवकर येऊन तागे वाहायला लागली. यावर मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरी, माझ्या पोटावर पाय देतेस का? लिफ्ट दुरुस्त झालीय, माझा गुडघा दुरुस्त झालाय, आणि तू माझे तागे पळवतेस?" भिंगरीनं त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. मामा ऐकत राहिले, मग खाकरून म्हणाले, "म्हणजे औषध म्हणून वाहतेस?" "औषध आहेच हो मामा, हे त्याच्या जोडीला." मामांनी ताग्यांची रास डोळ्यांनी मोजली. "मग सकाळचे आणि जेवणानंतरचे तुझे. मधले माझे. आणि माझ्या ताग्याला हात लावलास तर बघ." त्या दिवसापासून मामा तळघराच्या दारात उभे राहून तिला "चल चल, पाय उचल" असं ओरडायला लागले, जसे काही तेच तिचे वस्ताद. अस्तरं कापायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. कात्री मात्र खणातच होती.

तेवढ्यात नाट्यगृहाचं काम आलं. नवं बांधलेलं, ऐसपैस, आणि रंगमंचाला पडदा हवा मखमलीचा, गडद तांबडा. इतकं मोठं काम कारखान्याला कधी मिळालं नव्हतं. बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं, कारण त्यांचा खांदा आता डोक्याच्या वर जात नव्हता. काम नाकारायचं, नाहीतर भिंगरीला द्यायचं. दोन दिवस त्या नुसत्या टेबलाभोवती फेऱ्या मारत राहिल्या. मग भिंगरी आपण होऊन समोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मी कापते. पण माझं थोडं ऐकावं लागेल. मला स्टूल नको, मी उभ्यानं कापणार. माझे तागे मी जिन्यानं आणणार. आणि गजर झाला की कात्री खाली ठेवून जेवणार, मग कापड अर्धं का राहिना."

"हा कारखाना आहे की व्यायामशाळा?" बाई कडाडल्या. "मास्तर हमाली करतेय हे गिऱ्हाईकानं बघितलं तर काय म्हणेल?"

"मागच्या वेळी मास्तर बसून होती, तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणालं?"

बाईंनी खण उघडला आणि कात्री काढून टेबलावर ठेवली. खिळ्यावर नाही टांगली. "पडदा टांगला गेला की बघू," म्हणाल्या. भिंगरीला कळलं. या वेळी बिघडलं, तर ती कात्री पुन्हा कधी खणातून बाहेर यायची नाही.

काम सुरू झालं. सकाळी अंडी-पाव, गोळी, मग मखमलीचे जड तागे घेऊन जिना. मखमल काही अस्तरासारखी हलकी नसते, खांदा सोलून निघायचा. मग टेबलापाशी उभं राहून हात फिरवायचा, लव बघायची, बाण काढायचा, कापायचं. गजर झाला की जेवण. जेवण झालं की पुन्हा जिना. पट्ट्यांमागून पट्टे होत गेले. बाई रोज येऊन बघायच्या, नाक मुरडायच्या आणि काही न बोलता जायच्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसते, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या पट्ट्याच्या दिवशी नाट्यगृहाची माणसं येऊन उभी राहिली. घाई, घाई, घाई. गजर झाला, भिंगरीनं बंद केला. एकच पट्टा तर उरला होता! तागा उघडला, पालथा पसरला, आधीच्या पट्ट्यांसारखाच बाण ओढला आणि कात्री उचलली. हात किंचित थरथरत होता. माणसं बोलत होती, खाली मशीन घरघरत होत्या, आणि तिच्या डोक्यात पुन्हा एकदम चार रेडिओ लागले होते.

तिनं कात्री खाली ठेवली.

"काय झालं?" नाट्यगृहाचा माणूस म्हणाला. "एवढं कापून टाका की!"

"जेवून येते," भिंगरी म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच."

बाई आ वासून बघत राहिल्या. भिंगरीनं कोपऱ्यात उभं राहून डबा खाल्ला, शेंगदाण्याचा शेवटचा दाणाही सोडला नाही. मग जिना उतरून तळघरात गेली, वर आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मामा खालून ओरडत होते, "पाय उचल, पाय उचल!" घाम पुसत ती टेबलापाशी आली, कापडाचं टोक उलटून तिनं मखमलीवर हात फिरवला. हात अडला. पुन्हा फिरवला. पुन्हा अडला. हा शेवटचा तागा बाकीच्यांपेक्षा उलटा गुंडाळलेला होता, आणि घाईत हात न फिरवता तिनं बाण मात्र नेहमीसारखा ओढला होता. तशीच कापली असती, तर पुन्हा तोच काळाठिक्कर पट्टा. मग तिनं खडूचा बाण पुसला, कापड फिरवलं, पुन्हा एकदा हात फिरवून बघितला, आणि कापलं. सगळ्यांसमोर, सरळ, एका दमात. तिचा जीव भांड्यात पडला. बाईंनी सगळं पाहिलं होतं. त्या चष्मा पुसत खिडकीकडे गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

पडदा टांगायच्या दिवशी सगळे नाट्यगृहात गेले. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले, नवरा बेकरी बंद करून आला, नणंद रुग्णालयातून अर्धी रजा टाकून आली आणि येताना डब्यात केळी घेऊन आली. पडदा सोडला. मग एकेक करून दिवे लागले. पहिला दिवा, दुसरा, मग सगळे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग! कुठं डाग नाही, कुठं सावली नाही. नणंदेनं टाळ्याच पिटल्या. नवऱ्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

मालकीणबाई रंगमंचावर चढल्या. एका टोकाला उभं राहून त्यांनी पडद्यावर वरून खाली हात फिरवला, मग पुढच्या पट्ट्यावर, मग त्याच्या पुढच्या. दुखऱ्या खांद्यानं, एकही पट्टा न सोडता. भिंगरी खाली पहिल्या रांगेत बसली होती आणि तिनं खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. पाय नुसते नाचत होते. शेवटच्या पट्ट्यावर हात फिरवून झाला तेव्हा बाई वळल्या. त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात दिली.

"उद्या खिळ्याला टांग," म्हणाल्या. "आणि ते लाल गादीचं स्टूल मी मामांना देऊन टाकलंय. त्यांच्या गुडघ्याला बरं पडेल."

भिंगरीनं कात्री छातीशी धरली आणि पडद्याकडे बघितलं, मग मान वळवून वर, सगळ्यात मागच्या सज्ज्याकडे बघितलं. तिथून हा पडदा कसा दिसत असेल? पाय खुर्चीत राहीनात. पण एवढी मोठी माणसं बसलेली, म्हणून ती दात आवळून बसून राहिली.

बाईंच्या ते लक्षात आलं. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं "बस एका जागी" म्हणून तिचं डोकं खाल्लं होतं, त्याच बाई रंगमंचावरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भिंगरी, बसलीस काय अशी? पळ की! वरून बघून ये आणि मला सांग, कसा दिसतोय ते!"

कात्री नवऱ्याच्या हातात देऊन भिंगरी उठली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत सज्ज्याच्या जिन्यानं धावत सुटली.